रांगेच्या टोकाचा कंटेनर

आमची पहिली भेट झाली तेव्हा त्यानं मला कोंडून घातलं होतं. हे मी सगळ्यांना याच शब्दांत सांगते, कारण त्यानंतर त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

झालं असं, की मी एका रिकाम्या कंटेनरच्या आत उभी होते आणि दार मुद्दामच ओढून घेतलं होतं. रिकामा कंटेनर तपासायचा तर तसंच करावं लागतं. आत जायचं, दार लावायचं आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत गप्प उभं राहायचं. पत्र्याला कुठं भोक असेल तर तिथून उन्हाचा ठिपका दिसतो. ठिपका दिसला की समजायचं, उद्या इथून पाणी शिरणार आणि माल भिजणार. डोळ्यांचं काम संपलं की नाकाचं. आधीच्या मालाचा वास मागं राहिलाय का, हे अंधारात जास्त चांगलं कळतं. अशा वेळी बाहेर दाराशी कुणीतरी उभं राहायचं, असा आमच्या कंटेनर-डेपोचा नियम आहे. त्या दिवशी क्रेनवाल्या आत्या उभ्या होत्या, पण त्यांना कुणीतरी हाक मारली आणि त्या आपल्या क्रेनकडे गेल्या. तेवढ्यात हे महाशय आले. अर्धवट लोटलेलं दार दिसलं, स्वभाव टापटिपीचा, त्यामुळं त्यानं ते नीट ढकललं आणि बाहेरून दांडा फिरवला.

मी पत्र्यावर थापा मारल्या. बाहेर सामसूम… मग अगदी हळू आवाजात प्रश्न आला, "आत कोणी आहे का?"

"कोणी नाही," मी म्हणाले. "कंटेनर स्वतःच बोलतोय. दार उघडा."

दार उघडलं. उन्हात डोळे मिचकावत मी पाहिलं तर समोर एक उंच तरुण, खांद्याला बॅग, एक हात अजून दांड्यावरच आणि कान लालबुंद. त्याच्या मागोमाग आफ्टरशेव्हचा असा भपका आला की माझं अर्ध्या दिवसाचं नाक वाया गेलं. तो माफी मागायला तोंड उघडणार, तोच मी म्हणाले, "तिकडे नळ आहे. आधी चेहरा धुऊन या."

आणि तो गेला. का, कशाला, तुम्ही कोण, एक शब्द नाही. माफी मागणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण सांगितल्यावर मुकाट्यानं चेहरा धुऊन येणारा हा पहिलाच. तो नळाशी वाकला होता तेव्हा मी उगाचच केस सारखे केले.

माझ्या नाकाबद्दल थोडं सांगायला हवं. डेपोत मला सगळे 'नाकवाल्या बाई' म्हणतात, आणि मला त्याचा रागही येत नाही. कंटेनरमध्ये आधी साबण होता की रंगाचे डबे, हे मी कागद न बघता सांगते. या नाकापायी मी वासाचा साबण लावत नाही, केसांत फूल माळत नाही आणि काम संपेपर्यंत तोंडात मसाल्याचा कण टाकत नाही. आई म्हणायची, "तुझ्याशी लग्न करणाऱ्याला आधी महिनाभर पाण्यात भिजत घालावं लागेल."

तो बंदरावरच्या मुख्य कचेरीतून आला होता. दुसऱ्या दिवशी आमच्या साहेबांच्या खोलीत त्यानं आपलं काम समजावून सांगितलं. म्हणाला, बंदरावरून फरश्या भरून कंटेनर इथल्या कारखान्यात येतो, रिकामा होतो आणि तसाच रिकामा परत बंदराकडे जातो. त्याच दिवशी इथल्या चहाच्या गोदामाला कंटेनर लागतो, तो बंदरावरून रिकामाच मागवला जातो. दोन्ही गाड्या वाटेत एकमेकींना ओलांडतात, डिझेल जाळतात, धूर सोडतात, आणि दोघींत काय असतं? "हवा," तो म्हणाला. "आपण पैसे देऊन हवा वाहून नेतो." त्याचं म्हणणं एवढंच, की फरश्यांचा रिकामा झालेला कंटेनर इथंच तपासावा, इथंच चहानं भरावा आणि भरलेलाच बंदराकडे पाठवावा. अर्धा धूर वाचेल.

त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं 'हवावाले'.

मी घरी गंमत म्हणून हे सांगितलं, तर बाबा हसले नाहीत. बाबांनी आयुष्यभर ट्रक चालवला आणि आता पाठ धरून खुर्चीत बसतात. म्हणाले, "भरलेली गाडी रस्ता धरून चालते गं. रिकामी गाडी उड्या मारते. माझी पाठ मालानं नाही मोडली, रिकाम्या फेऱ्यांनी मोडली." मग जरा वेळानं विचारलं, "कोण आहे हा मुलगा?" मी म्हटलं, कुणी नाही, बंदरावरचा आहे, चहाच्या हंगामापुरता आलाय. माझा आवाज मला वाटला तितका साधा आला नसावा, कारण आईनं भाजी चिरता चिरता मान वर केली.

हंगामापुरता, हीच खरी अडचण होती. मुख्य कचेरीनं त्याला एकच मोकळीक दिली होती. हंगाम संपायच्या आत चहाच्या गोदामानं इथला एक तरी कंटेनर पसंत केला, तर ही पद्धत कायमची सुरू होणार आणि ती चालवायला तो इथंच राहणार. नाहीतर त्यानं बॅग उचलायची आणि परत जायचं. आणि गोदामाचे चहावाले काका म्हणजे मोठं प्रस्थ. त्यांचं म्हणणं, लहान मूल शिव्या उचलतं तसा चहा वास उचलतो. फरश्यांचा काय नि कशाचा काय, दुसऱ्याचा उष्टा कंटेनर मला नको. शेवटी त्याच्या चिकाटीला कंटाळून काकांनी एका कंटेनरला हो म्हटलं. एकाच. आणि अट घातली, की नाकवाल्या बाई पास म्हणाल्या तरच.

म्हणजे त्याचं राहणं-जाणं माझ्या नाकावर आलं. तोवर ते नाक त्याच्या बाजूनं बरंच झुकलं होतं, हे कुणाला माहीत नव्हतं.

झुकायला कारण ढग झाले. आभाळ भरून आलं की उजेडाची तपासणी होत नाही. ऊन नाही तर ठिपका कुठून दिसणार? मग ऊन पडेपर्यंत कंटेनरच्या उंबऱ्यावर बसून राहायचं. दाराशी उभं राहायचं काम त्यानं आत्यांकडून आपल्याकडे घेतलं होतं. मला कोंडल्याचं प्रायश्चित्त म्हणे. त्यामुळं ढगाळ दिवशी आम्ही दोघं उंबऱ्यावर, पाय खाली सोडून, आभाळाकडे बघत बसायचो. कधी भुरभुर पाऊस यायचा, मग आत सरकायचो आणि वर पत्र्यावर पावसाची टपटप सुरू व्हायची. ढगाळ दिवसांचा मला पूर्वी वैताग यायचा. आता सकाळी उठल्यावर मी आधी खिडकीतून आभाळ बघू लागले.

तो माझ्यासमोर येण्याआधी न चुकता नळावर तोंड धुऊन यायचा. एकदा म्हणाला, "तुमच्यासमोर माणसानं अगदी बिनवासाचं यायचं. अवघड आहे."

"बिनवासाचा माणूस नसतो."

"मग मला कसला येतो?"

खरं सांगावं की नाही… "उन्हात वाळलेल्या कपड्याचा. आणि थोडा कोऱ्या कागदाचा."

"पास की नापास?"

"ऊन पडू दे, मग सांगते," मी म्हणाले, आणि आम्ही दोघंही आभाळाकडे बघू लागलो.

अशा वेळी तो पुष्कळदा म्हणायचा, "तुम्हाला एक सांगायचं होतं…" मी वाट बघायची. मग तो घसा साफ करायचा आणि दाराच्या रबराबद्दल काहीतरी विचारायचा. दाराच्या रबराबद्दल त्या दिवसांत मी त्याला इतकं सांगितलं, की तो आता रबराचं दुकान काढू शकला असता. मलाही बोलता आलं असतं, नाही असं नाही. पण जाणाऱ्या माणसाला काय सांगायचं, असं मी मनाला बजावत राहिले. राहिला तर सांगू.

तो दिवस उजाडला तेव्हा ऊन लख्ख होतं. चहावाले काका छातीवर हात बांधून आले होते. त्यांच्यासाठी निवडलेल्या कंटेनरमध्ये मी शिरले, दार लागलं, आणि थोड्या वेळानं छताच्या कोपऱ्यात एक बारीकसा उजेडाचा ठिपका मला दिसला. मोहरीएवढाच. पण भोक ते भोक. बाहेर येऊन मी मान हलवली. काकांनी 'वाटलंच होतं' असा सुस्कारा सोडला.

दुसरा कोणता रिकामा आहे, म्हणून शोध सुरू झाला. फरश्या उतरवून आलेला आणखी एकच होता, रांगेच्या अगदी टोकाला, रंग द्यायचा म्हणून बाजूला ठेवलेला. आत्यांनी क्रेन लावून तो समोर आणला.

"तो… तोच का?" त्यानं विचारलं.

"दुसरा आहे का तुमच्या खिशात?" काका म्हणाले.

मी आत गेले. दार लागलं. अंधार. भिंती बघितल्या, छत बघितलं, दाराच्या कडा बघितल्या. कुठंही ठिपका नाही. मग डोळे मिटून श्वास घेतला.

लवंग.

अगदी पुसट, पण लवंगच. मागच्या भिंतीकडे सरकले तसा वास वाढला. म्हणजे या कंटेनरमधून फरश्यांच्या आधी कधीतरी मसाला गेला असणार आणि लाकडाच्या तळात मुरला असणार. मुरलेला वास जात नाही. मी तिथंच उभी राहिले, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आलं. बाहेर कुणाला हा वास येणार नाही. काकांना तर नाहीच. मी एक शब्द बोलायचा, पास, आणि तो राहील… उद्याही दाराशी असेल, परवाही असेल. आणि मग तो चहा दूर कुठंतरी कुणीतरी कपात ओतेल, आणि त्याला लवंगेचा वास येईल. काका पुन्हा इथला कंटेनर कधीच घेणार नाहीत, दुसरं कुणीही घेणार नाही. त्याच्या कामाची पुरती माती होईल आणि ती माझ्या हातानं होईल. ज्याच्यासाठी खोटं बोलायचं, त्यालाच ते खोटं बुडवणार.

मी दार ठोठावलं. त्यानं उघडलं. त्याच्याकडे न बघता मी म्हणाले, "नापास. लवंगेचा वास आहे. मसाला नेलेला असावा."

काकांनी खिशातून फोन काढला. बंदरावरून कंटेनर मागवायला, नेहमीसारखा, रिकामा. मी हातमोजे काढत बसले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं आणि डेपोत रडायचा माझा शिरस्ता नाही.

"काका, थांबा," तो म्हणाला. "मसाल्याचा नाही तो वास. माझा आहे."

काकांचा फोन कानाजवळ तसाच राहिला.

तो बोलत गेला, जमिनीकडे बघत, कानांसकट लाल होऊन. लहानपणी तो चारचौघांत बोलायला घाबरायचा. आजीनं सांगितलं होतं, भीती वाटली की लवंग तोंडात धरायची. ती सवय अजून आहे. इथं मात्र बाईंसमोर लवंग चालणार नाही, म्हणून तो रोज जेवणाच्या सुट्टीत रांगेच्या टोकाच्या त्या कंटेनरमध्ये जाऊन बसायचा, दार ओढून घ्यायचा आणि लवंग चघळत चघळत बोलायचा सराव करायचा. तो कंटेनर रंगाला जायचाय, कुणी वापरणार नाही, असं त्याला वाटलं होतं. मग नळावर जाऊन चूळ भरायची आणि यायचं.

"कसला सराव?" काकांनी विचारलं.

तो दाराच्या रबराकडे बघू लागला. माझा हातमोजा अर्धा निघालेला, अर्धा हातातच.

काका म्हणाले, "हे बघा, गोष्ट चांगली रचलीत. पण कंटेनर खपवायला माणूस काय वाटेल ते सांगतो."

तेव्हा क्रेनवाल्या आत्या खाली उतरल्या. पदराला हात पुसत अगदी सावकाश आल्या. म्हणाल्या, "मी रोज त्या कंटेनरच्या सावलीत जेवते. पत्रा आहे तो, आतलं सगळं बाहेर ऐकू येतं. रोज तेच वाक्य. 'मला इथंच राहायचंय, आणि ते कामासाठी नाही…' आणि रोज तिथंच अडकायची गाडी. माझा घास हातात राहायचा, आज तरी पुढं जातो का म्हणून. एक दिवस गेला नाही बाबा."

बॅटरी घेऊन मी पुन्हा आत गेले. मागच्या भिंतीपाशी, तळाच्या दोन फळ्यांमधल्या फटीत, चघळून टाकलेल्या लवंगांची डोकी पडली होती. टापटिपीच्या माणसाचा हा असा कचरा. मी ती हातरुमालात गोळा केली आणि बाहेर येऊन काकांना दाखवली. म्हणजे वास मुरलेला नव्हता, वरवरचा होता.

काकांनी लवंगा पाहिल्या, त्याला पाहिलं, मला पाहिलं. "माझ्या चहाला तुमच्या भानगडीशी काही देणंघेणं नाही," ते म्हणाले. "वास गेला तर भरतो. नाही गेला तर नाही. आणि या पोराला तिथं नळापाशी उभा करा. कंटेनरच्या आसपास दिसता कामा नये."

मग आम्ही तो कंटेनर झाडला, साध्या पाण्यानं पुसला आणि दोन्ही दारं सताड उघडी टाकून उन्हात ठेवला. आत्यांनी क्रेननं तोंड वाऱ्याकडे वळवून दिलं. काका खुर्ची मागवून तिथंच बसले. दुपार कलली. नळापाशी तो उभा होता, शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखा, आणि मी त्याच्याकडे एकदाही बघितलं नाही असं म्हणणार नाही.

ऊन उतरायच्या आत मी पुन्हा आत गेले. या वेळी काकाही आत आले आणि दार आत्यांनी धरलं. वास गेलेला असू दे असं मला इतकं वाटत होतं, की माझ्याच नाकावर माझा विश्वास उरला नव्हता. म्हणून मी गुडघ्यांवर बसले आणि ज्या फटीत लवंगा होत्या तिथं नाक लावून हुंगलं. बाहेर गेले, मोकळी हवा घेतली, परत आले, परत हुंगलं. कोरडं लाकूड. ऊन. लोखंड. बाकी काही नाही.

"पास," मी म्हणाले.

आणि कुणाला सांगायची सोय नव्हती, पण मला त्या कंटेनरमध्ये चुकल्यासारखं झालं. सकाळी त्या अंधारात कुणीतरी होतं. आता नव्हतं.

काकांनी स्वतः उभं राहून पोती भरून घेतली. दार लागलं, दांडा फिरला, सील बसलं. गाडी फाटकातून निघाली तेव्हा मी ती वळेपर्यंत बघत राहिले. उड्या न मारता, रस्ता धरून, जड अंगानं चालली होती. हे बाबांना जसंच्या तसं सांगायचं असं मी ठरवलं. काका जाता जाता नळापाशी थांबले आणि त्याला म्हणाले, पुढच्या आठवड्यात दोन लागतील, आणि लवंगा घरी ठेवून या.

सगळे पांगले. मी नळापाशी गेले. त्याचा शर्ट ओला होता, केसांतून पाणी गळत होतं. किती वेळा तोंड धुतलं होतं कुणास ठाऊक.

"राहणार म्हणे तुम्ही," मी म्हणाले.

"हो. कामासाठी राहणार आता. तसं कचेरीला कळवलंय."

"आत्या म्हणत होत्या, कामासाठी नाही म्हणून."

त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला, मग त्यानं तो मागं घेतला.

"पुढचं अर्धं वाक्य राहिलंय," मी म्हणाले. "आत्यांचे इतके घास वाया गेले. निदान त्यांच्यासाठी तरी बोला."

त्यानं मोठा श्वास घेतला. लवंगेशिवाय त्याचा आवाज थोडा कापत होता. "तुम्ही आत असाल तेव्हा दाराशी मला उभं राहायचंय. हंगामापुरतं नाही. कायमचं. दार मी लावणार नाही… म्हणजे, तुम्ही सांगितल्याशिवाय लावणार नाही."

इतकी वर्षं मी बंद दारांच्या आत उभी राहिले, पण बाहेर कोण आहे याचा विचार कधी केला नव्हता. गेले कित्येक दिवस मात्र मी आत गेले की आधी त्याच्या पावलांचा आवाज ऐकायचे आणि मगच छताकडे बघायचे. हे सगळं मला त्याला सांगायचं होतं. पण आता माझीच गाडी अडकली.

मी हात पुढं केला. "खिशात आहे ना? एक लवंग दे."

तो बघतच राहिला. "पण तुमचं नाक… उद्या सकाळपर्यंत कामाचं राहणार नाही."

"माहितीये," मी म्हणाले.

त्यानं खिशातून घट्ट झाकणाची छोटी डबी काढली आणि एक लवंग माझ्या तळव्यावर ठेवली. बोटं ओली होती. मी ती तोंडात टाकली आणि चावली. जीभ झणझणली, डोळ्यांत पाणी आलं. सकाळी अडवून ठेवलेलंही त्यातच वाहून गेलं. मग फरश्या, चहा, लोखंड, डिझेल, साऱ्या डेपोचा वास एकदम पुसला गेला आणि संध्याकाळभर मला फक्त त्याचा वास येत राहिला.